लॉतच्या खोऱ्यात, पांढऱ्या रेषांवरून

मिशेलिनच्या नकाशावर रस्त्यांना रंग असतात. लाल म्हणजे मुख्य रस्ता, पिवळा त्याच्या खालचा, आणि पांढरे म्हणजे उरलेले सगळे. ज्या रस्त्याच्या कडेनं हिरवी रेघ ओढलेली असते तिथे आजूबाजूला बघण्यासारखं आहे असं समजायचं. रस्त्यावर मध्येच बाणाची टोकं दिसतात, ती चढाची. एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, आणि तीन असतील तर उतरून ढकलायची तयारी ठेवायची. एवढं कळलं की फ्रान्समधले शांत रस्ते घरबसल्या हेरता येतात. मी तुलूझला राहते आणि अशीच सायकल चालवते. आधी जेवणाच्या टेबलावर, मग रस्त्यावर.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये धाकटा भाऊ नाशिकहून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी आला. चार वर्षांतून एकदा होणारी बाराशे किलोमीटरची ही राइड जास्तीत जास्त ९० तासांत पुरी करायची असते. आपल्याकडे दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. त्यानं ती वेळेत पुरी केली आणि तुलूझला माझ्याकडे येऊन पडला. हाताच्या करंगळ्या बधिर झालेल्या, शर्टाची बटणं लागेनात, खुर्चीवर उशी घेतल्याशिवाय बसवेना. झोप भरून निघाल्यावर एका संध्याकाळी म्हणाला, "ताई, आता मला घड्याळ न बघता सायकल चालवायचीय. आणि मागून गाडी येतेय का ते सारखं ऐकत बसायचं नाहीये."

दुसरी मागणी पहिलीपेक्षा अवघड. मी कपाटातून ३३७ नंबरचा नकाशा काढला, लॉत आणि तार्न-ए-गारोन या दोन जिल्ह्यांचा, एका सेंटिमीटरला दीड किलोमीटर.

लॉत ही नदी लोझेर डोंगरात उगम पावते आणि जवळपास ४८० किलोमीटर पश्चिमेकडे वाहून गारोनला मिळते. तिच्याच नावाचा जिल्हा तिच्या मधल्या भागात आहे. तिथे ती चुनखडीच्या पठारातून वाट काढते. सरळ जाणं तिला ठाऊकच नाही. एका बाजूला उंच पांढरा-पिवळा कडा, दुसऱ्या बाजूला अर्धचंद्रासारखी सपाट सुपीक जमीन, आणि पुढच्या वळणावर बाजू उलट. वरचं पठार कोरडं, ओकची खुरटी झाडं आणि दगडी बांध असलेलं. त्याला कोस म्हणतात. तिथल्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, चष्मा लावल्यासारखी. खोऱ्यात पाणी, अक्रोड, मका, गावं. वर मेंढ्या आणि वारा.

धाकट्याला मी आकडे दिले, कारण आकड्यांशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नाही. लॉत जिल्हा क्षेत्रफळानं नाशिक जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. नाशिक जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाख माणसं. लॉतमध्ये पावणेदोन लाख. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या इथली दोन-तीन उपनगरं." हो, आणि ती दोन-तीन उपनगरं तीनशेहून जास्त गावांत विखुरलेली. प्रत्येक गावाला स्वतःची मेरी, म्हणजे नगरपालिका, आणि आपापले डांबरी रस्ते. फ्रान्समध्ये एकूण दहा लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत, आणि त्यातले निम्म्याहून अधिक या गावांच्या ताब्यातले. एका शेतावर जाणारा रस्तासुद्धा डांबरी असतो. त्यावरून दिवसभरात टपालाची पिवळी गाडी, एखादा ट्रॅक्टर आणि शाळेची बस जाते. सायकलीसाठी मुद्दाम कोणी काही बांधलेलं नाही. माणसं निघून गेली, रस्ते राहिले.

ही शांतता आपसूक आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या जिल्ह्यात जवळजवळ तीन लाख माणसं राहायची. नदीतून सपाट बुडाच्या होड्या काओरची दारू बोर्दोला न्यायच्या. मग रेल्वे आली आणि होड्या गेल्या. फायलोक्सेरा नावाच्या किडीनं द्राक्षमळे साफ केले. माणसं शहरांकडे गेली, पुढे महायुद्धानं गावोगावचे तरुण नेले. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीनं पुन्हा लावलेल्या वेलीही मारल्या. काओरची काळसर माल्बेक वाइन आज जगभर नाव कमावते आहे. ती ज्या वेलींची, त्यातल्या बहुतेक या थंडीनंतर लावलेल्या. नदीकाठची काओर-कापदनाक रेल्वेही पुढे बंद झाली. रूळ अजून दिसतात, मधून झाडं वाढलेली. मला हा इतिहास माहीत असायला हवा असं वाटतं, कारण बाहेरून येणारा माणूस "काय शांत आहे हो" म्हणतो तेव्हा तो एका रिकाम्या झालेल्या मुलखाचं कौतुक करत असतो. गावांतली बरीच घरं उन्हाळ्यापुरती उघडतात, पॅरिसकरांची, इंग्रजांची, डचांची. कोकणात गणपतीला उघडतात तशी. सप्टेंबर लागला की निळसर रंगाच्या लाकडी खिडक्या पुन्हा बंद.

तर रस्ता निवडायचा कसा? नदीच्या खोऱ्यात सोपी खूण अशी, की बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांनी रस्ते असतात आणि रहदारी एकाच काठाची असते. लॉतच्या उत्तर काठानं डी ६६२ हा जिल्हामार्ग जातो, काओरकडून काजार्कमार्गे फिजाककडे. रुंद, सपाट, सुरेख. पण ट्रक, कॅम्परव्हॅन आणि मोटरसायकली त्यावरच. तोच नकाशा हाती धरून दक्षिण काठाकडे बघितलं की सारख्याच वळणांची बारीक रेघ दिसते. ती मध्येच कड्यावर चढते, गावात शिरते, पुन्हा नदीशी येते. गाडीवाल्याला ती वेळखाऊ, म्हणून ती आपली. तिसरा पर्याय म्हणजे मोठी नदी सोडून तिच्या उपनदीत शिरायचं. उपनदीचं खोरं कुठे पोचवत नसेल, किंवा पोचवण्याचा दुसरा जलद रस्ता असेल, तर ते रिकामं असणारच. लॉतला मिळणारी सेले अशीच. कांताल डोंगरांतून येते, फिजाकवरून वाहते आणि बूझियेस गावाजवळ लॉतमध्ये शिरते. तिच्या काठानं डी ४१ हा एकच रस्ता. काओरहून फिजाकला जाणारा गाडीवाला त्या वाटेला फिरकत नाही.

धाकट्यानं फोनवर सायकलस्वारांच्या वापराचा उष्णतानकाशा उघडला होता, जास्त वापराचे रस्ते लालभडक दाखवणारा. त्यात डी ६६२ चमकत होता. मी म्हटलं, तो नकाशा सायकलवाले कुठे जातात ते सांगतो, गाड्या कुठे जात नाहीत ते सांगत नाही. क्लबवाले रविवारी सकाळी घोळक्यानं जलद रस्त्यावर जातात, म्हणून तो लाल. मला हे तंत्रज्ञानावरचे रुसवेफुगवे म्हणून म्हणायचं नाही. फोन आम्ही नेलाच. पण निवड कागदावर केली, कारण कागदावर एकाच नजरेत दोन्ही काठ दिसतात.

ठरलं ते असं: तुलूझहून रेल्वेनं काओर, तिथून लॉतच्या काठानं वर, बूझियेसजवळ डावीकडे सेलेच्या खोऱ्यात, फिजाकपर्यंत. मग डोंगर ओलांडून पुन्हा लॉतवर आणि दक्षिण काठानं उतरत काओर. काओर समुद्रसपाटीपासून साधारण सव्वाशे मीटरवर, फिजाक दोनशेच्या आसपास. नदीकाठ सोडला नाही तर जवळपास सपाट. इथे वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, तो जाताना पाठीशी. सप्टेंबरचा पहिला आठवडा आम्ही मुद्दाम घेतला. फ्रेंच शाळा सुरू झालेल्या, पर्यटक परतलेले, आणि शिकारीचा हंगाम अजून उघडायचा. एकदा तो उघडला की रानाच्या कडेला शिकार चालू असल्याच्या पाट्या लागतात. मग फ्लुरोसंट जाकीट घालूनही जीव जरा मुठीत धरावा लागतो.

सायकली दोन्ही साध्याच. धाकट्यानं पॅरिस-ब्रेस्टला वापरलेले पंचवीस मिलिमीटर रुंदीचे टायर काढून बत्तीसचे टाकले, हे बरं केलं. इथल्या छोट्या रस्त्यांवर डांबर शिंपडून वर बारीक खडी पसरतात आणि रोलरचं उरलेलं काम गाड्यांच्या चाकांवर सोडतात. उन्हाळ्यात अशी ताजी खडी पडलेली असते तिथे 'ग्राव्हियों' अशी पाटी असते. उतारावर ती पाटी दिसली की ब्रेक आधी, वळण नंतर. जुनी झालेली खडीही खरखरीत असते आणि बधिर करंगळ्यांना ती जाणवते.

रेल्वेगाडीत सायकलींसाठी आकडे असतात, पुढचं चाक वर अडकवायचं. ते मोजकेच, म्हणून सकाळची पहिली गाडी. सव्वा-दीड तासात काओर.

काओरमधून बाहेर पडताना सुरुवातीची रहदारी सोसावीच लागते, तिथे पळवाट नाही. कामाला निघालेल्या गाड्या, डिलिव्हरी व्हॅन. व्हेर गावाशी डी ६५३ डावीकडे फुटतो आणि बहुतेक गाड्या आपल्याबरोबर घेऊन जातो. तिथून डी ६६२ वर राहिलं तरी सकाळी शांत असतं. कडा रस्त्यावर झुकलेला, खाली नदी हिरवीगार आणि जवळजवळ स्थिर. जुने बांध आणि जलद्वारं दुरुस्त करून नव्वदीपासून नदीचा हा पट्टा पुन्हा होड्यांसाठी खुला केला आहे, फक्त आता त्यात दारूऐवजी सुट्टीवरची कुटुंबं.

कोंद्युशेला पुलाच्या अलीकडे डावीकडे वळलो आणि आवाज गेला. हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. वळणाआधी मागून येणारी गाडी ऐकू यायची, वळणानंतर साखळीचा आवाज ऐकू यायला लागला. धाकटा लगेच म्हणाला, "माझी चेन कोरडी पडलीय." थांबून तेल घातलं.

सेलेचं खोरं अरुंद. कडे दोन्हीकडून जवळ येतात, त्यांच्या पोटात गुहा, आणि काही गुहांना भिंती बांधून किल्ले केलेले. इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळातले म्हणून लोक त्यांना इंग्रजांचे किल्ले म्हणतात. काब्ररे गावात घरं कड्याला पाठ टेकून उभी आहेत. इथून वर पेश मेर्लची गुहा. चढ आखूड पण नकाशावर टोकं असणारा. आम्ही तिकीट आधीच काढलं होतं, कारण दिवसाला ७०० माणसांनाच आत सोडतात. माणसांच्या श्वासानं हवा बदलते आणि चित्रं खराब होतात.

१९२२ साली इथल्याच दोन किशोरवयीन मुलांनी ही गुहा शोधली. गावचे पाद्री अमेदे लमोझी यांना गुहांचा नाद होता, त्यांनी पोरांना नादी लावलं होतं. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, एकमेकांकडे पाठ केलेले, एकमेकांवर थोडे चढलेले, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. भोवती हाताचे ठसे, रंग फुंकून काढलेले. उजव्या घोड्याचं डोकं खडकाच्या नैसर्गिक आकारातच आहे, चित्रकारानं ते आधी पाहिलं आणि मग घोडा काढला. बरीच वर्षं अभ्यासकांना वाटायचं की ठिपके कल्पनेतले. २०११ मध्ये प्राचीन हाडांच्या डीएनएवरून कळलं की असे ठिपकेदार घोडे तेव्हा खरोखर होते. गुहेतल्या मातीत एका कोवळ्या वयाच्या माणसाच्या पावलांचे ठसेही उमटून राहिलेत. धाकटा तिथे बराच वेळ उभा राहिला, मार्गदर्शिका दिवा घेऊन पुढे गेली तरी.

बाहेर आलो तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि या देशात सायकल चालवायला बारा ते दोनसारखी दुसरी वेळ नाही. सगळा देश जेवत असतो. रस्त्यावर अक्षरशः कोणी नसतं. पण त्याच वेळी दुकानंही बंद, त्यामुळे खाणं आधी घेतलेलं असावं लागतं. छोट्या गावांत तर बेकरीच नसते. कुठे कुठे आता भिंतीत बसवलेलं पावाचं यंत्र असतं, पैसे टाकले की लांब बॅगेट पाव बाहेर. सोमवारी ते यंत्रच देवासारखं. आमच्याकडे मी केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, शिवाय काब्ररेत घेतलेलं रोकामादूर, शेळीच्या दुधाचं छोटं चपटं चीज. दशमीवर ते चीज आणि वर अक्रोड, हे मी कोणालाही शिफारस करेन.

धाकटा शाकाहारी, आणि केर्सी, म्हणजे हा सगळा जुना प्रांत, बदकाचा. इथे 'सॅलड' म्हटलं तरी पानांवर बदकाच्या पोटाचे गरम तुकडे येतात, आणि बटाटे बदकाच्या चरबीत तळलेले असतात. म्हणून ऑर्डर देण्याआधीच विचारायचं, नंतर नाही. ऑम्लेट चालत असेल तर प्रश्न सुटतो. चालत नसेल तर डबा हाच मार्ग.

पाण्याचं मात्र सोपं आहे. गावाच्या दफनभूमीला नळ असतो, फुलांना पाणी घालायला. पिण्यायोग्य नसेल तर तशी पाटी असते. धाकट्याला आधी कसंसं वाटलं. दुसऱ्या बाटलीनंतर तोच लांबून सायप्रसची झाडं दिसली की म्हणायचा, "ताई, पाणी आलं."

काब्ररेच्या पुढे सोलियाक, मग मार्सियाक. तिथे बेनेडिक्टाईन मठाचे अवशेष आहेत. छत गेलेलं, कमानी उभ्या, मधल्या जागेत गवत. आज प्रचंड गर्दी खेचणारं रोकामादूरचं तीर्थ एकेकाळी या मठाच्या ताब्यात होतं, असं सांगितलं तर बघणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. एक बाई सायकल हाती धरून चालल्या होत्या, पुढच्या टोपलीत कांद्याची पात. बोंझूर म्हणाल्या, आम्ही म्हणालो. इथे हे चुकवायचं नाही. पायी चालणारा, बागेत वाकलेला, ट्रॅक्टरवर बसलेला, प्रत्येकाला बोंझूर. न बोलता गेलात तर ते लक्षात ठेवतात, आणि पुढे पत्ता विचारायची वेळ आली तर तो तोऱ्यातच मिळतो.

गाड्यांचं सांगायचं तर दिवसभरात आल्या त्यांतल्या जवळपास सगळ्या मागे थांबल्या. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा नियम आहे, गावात एक मीटर. आंधळ्या वळणावर ते शक्य नसलं की ड्रायव्हर हॉर्न न वाजवता मागे रांगतो. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर सराव केलेल्या माणसाला हे जड जातं. धाकटा सुरुवातीला प्रत्येक गाडीसाठी कडेला उतरून उभा राहायचा. त्यामुळे ड्रायव्हरच गोंधळायचे. सरळ रेषेत चालत राहा, हात बाहेर काढून खूण करा, एवढंच त्यांना हवं असतं.

ब्रांग, मग एस्पान्याक. हे गाव चुकवू नये. नदीवर छोटा पूल, पलीकडे बटबटीत काहीही नसलेला जुना नन्सचा मठ, आणि त्याच्या चर्चचा मनोरा दगडी नसून विटा आणि लाकडी सांगाड्याचा. मनोऱ्याच्या सावलीत लांब बाकडं. तिथे आम्ही जितका वेळ बसलो तितका वेळ बीआरएममध्ये कोणी बसलं असतं तर पुढचा कंट्रोल, म्हणजे वेळेत गाठायचं ठाणं, बंद झाला असता. पायी चालणारे दोघे भेटले. स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थयात्रेच्या वाटेवरचे. मुख्य वाट वरच्या पठारावरून जाते, आणि सेलेच्या खोऱ्यातून जाणारा तिचा फाटा लांबचा आहे, म्हणून तो मोजकेच घेतात. तेही आमच्यासारखेच मुख्य रस्ता टाळून आले होते.

फिजाक थोडक्यात. मुक्काम, गरम पाणी, खंडीभर पास्ता. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. शाँपोलियाँ याच गावचा, १७९० चा जन्म, आणि इजिप्तची चित्रलिपी त्यानं १८२२ मध्ये उलगडली. त्याच्या घराजवळच्या अंगणात, ती उलगडायला ज्या शिलालेखाची मदत झाली त्या रोझेटा शिलेची अवाढव्य प्रतिकृती जमिनीत बसवली आहे, काळ्या दगडाची, जोसेफ कोसुथची १९९१ मधली कलाकृती. त्यावरून चालत जाता येतं. सकाळी निघताना आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि अनवाणी त्यावरून एक फेरी मारली, तीन लिप्यांवरून. धाकट्याचे तळवे पॅरिस-ब्रेस्टनंतर अजून सुजलेले होते आणि दगड रात्रीचा गार होता.

फिजाकहून लॉतकडे जाताना डी ६६२ फेसेल गावाच्या कडेनं धारेवर चढतो. वर पोचलं की खाली लॉतचं रुंद खोरं दिसतं, अक्रोडाच्या बागा रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या नेमक्या नाहीत पण रांगेत, आणि पलीकडचा काठ आव्हेरों जिल्ह्याचा. उतरल्यावर आम्ही पहिल्या सोयीच्या पुलावरून पलीकडे गेलो. एका पुलाचं अंतर, पण दुसरा जिल्हा. या काठावर एका बागेला कुंपण घालणारे आजोबा, त्यांचा कुत्रा, आणि आम्ही.

सोजाकच्या वर 'सो द ला मुनीन' नावाचा कडा आहे. रस्ता नकाशावर टोकंवाला, धाकट्यानं गिअर खाली घेत घेत गाठला, मी शेवटी चालत. वरून लॉतचा एक पूर्ण फेरा दिसतो, आणि समोर मोंब्रांचा किल्ला. दंतकथा अशी की मोंब्रांच्या सरदारानं मुलीच्या प्रेमप्रकरणावर चिडून तिला या कड्यावरून ढकलायची आज्ञा दिली. एका साधूनं मुलीचे कपडे माकडिणीला घालून तिला फेकलं. ते बघताच बापाला पश्चात्ताप झाला, आणि मुलगी जिवंत आहे म्हटल्यावर त्यानं सगळं माफ केलं. माकडिणीचं कोणी काही विचारत नाही. धाकट्यानं मात्र विचारलं.

काजार्कला आठवड्याचा बाजार नव्हता, पण केशराची पाटी होती. या भागात मध्ययुगात केशर पिकायचं, मग बंद पडलं, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही शेतकऱ्यांनी पुन्हा सुरू केलं. ऑक्टोबरच्या शेवटी इथे केशराचा उत्सव असतो. लेखिका फ्रांस्वाझ सागाँ याच गावात १९३५ मध्ये जन्मली आणि राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांचं इथे घर होतं, त्यामुळे एवढ्याशा गावात समकालीन कलेचं दालनही आहे. कॉफी घेतली आणि नदीच्या दक्षिण काठाला लागलो.

हा जो पट्टा, काल्विन्याक, सेनव्हिएर, क्रेगोल, हा डी ८ चा. संपूर्ण फेरीतला माझा सर्वात आवडता. पलीकडच्या काठावर डी ६६२ वरच्या गाड्यांच्या काचा उन्हात चमकून जाताना दिसतात, आवाज नाही. काल्विन्याक कड्याच्या टोकावर. रस्ता वर चढतो तेव्हा आपण नदीपासून दूर चाललो असं वाटतं आणि वर गेल्यावर ती थेट पायाखाली. सेनव्हिएरचा किल्ला उभ्या खडकावर, जणू तो खडकच वर वाढत गेला. खाली सपाट भागात तंबाखू वाळवण्याच्या जुन्या लाकडी खोप्या. आता त्यांत ट्रॅक्टर आणि होड्या. धाकटा माझ्यापुढे राहायचा, वळणावर थांबायचा. इथे तो पहिल्यांदाच माझ्या मागे राहिला आणि काही बोलला नाही.

सँ-सीर-लापोपी हे मात्र शांत नाही. २०१२ मध्ये टीव्हीवरच्या मतदानात फ्रेंचांचं सर्वात आवडतं गाव ठरलं, तेव्हापासून तर नाहीच. नदीच्या वर शंभरेक मीटर उंच कड्यावर तपकिरी कौलांची घरं. जुन्या काळी इथे लाकूड कातणारे कारागीर पिंपांच्या तोट्या बनवायचे. कवी आंद्रे ब्रेतों यांनी १९५१ मध्ये इथे घर घेतलं आणि उन्हाळे काढले. बघावं, पण सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर. आम्ही संध्याकाळी चढलो, गल्ल्या रिकाम्या होत होत्या, दुकानदार पोस्टकार्डांचे स्टँड आत घेत होते.

सकाळी डी ४० नं बूझियेसला उतरलो. तिथून कड्याच्या पायथ्याशी, पाण्याला लागून, होड्या ओढण्याची वाट आहे. १८४० च्या दशकात ती चुनखडीच्या कड्यात खोदून काढली, कारण घोडे आणि माणसं दोरानं होड्या ओढत न्यायची आणि इथे चालायला काठच नव्हता. डोक्यावर छप्परासारखा खडक, त्यावर छिन्नीच्या खुणा. एका भागात शिल्पकार दान्येल मोन्ये यांनी भिंतीत मासे, लाटा, शंख कोरले आहेत, नव्यातलं काम असूनही जुन्यात मिसळलेलं. इथे सायकल चालवत नाहीत, हाती धरून न्यायची. चालणाऱ्यांची वाट आहे आणि एका बाजूला थेट नदी.

पुढे काओरपर्यंत आलेल्या वाटेनंच. नदी शहराला तीन बाजूंनी वेढते आणि पश्चिमेला व्हालांत्रे पूल आहे, तीन मनोऱ्यांचा, १३०८ मध्ये बांधायला घेतलेला. गोष्ट अशी की कंत्राटदारानं सैतानाशी करार केला, काम पुरं करून दे, माझा आत्मा घे. शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगून हरवलं. सैतानानं रागानं एका मनोऱ्याचा कोपऱ्यातला दगड काढून टाकला, तो कितीही बसवला तरी पडायचा. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुविशारद पॉल गू यांनी त्या जागी दगड धरून ओढणारा छोटा सैतानच कोरून बसवला. तो शोधायला मान बरीच वर करावी लागते. धाकट्याला सापडला, मला दाखवावा लागला.

रविवार असेल तर संध्याकाळची तुलूझची गाडी शक्यतो टाळा. विद्यार्थी बॅगा घेऊन परतत असतात आणि सायकलींचे आकडे आधीच भरलेले असतात. आम्ही दुपारची घेतली. ज्यांना अजून पुढे जायचं त्यांच्यासाठी काओरच्या खाली लॉतच्या काठानं ल्युझेश, प्युई-लेव्हेक, फ्युमेल असा माल्बेकच्या मळ्यांतून जाणारा पट्टा आहे. खालपर्यंत नदीकाठाचा सायकलमार्ग व्ही ८६ या नावानं पाट्या लावून दाखवला आहे. मळ्यांतून जाणारा, अधिक उघडा, उन्हाचा. नकाशा तोच, ३३७, फ्युमेलला पोचेपर्यंत पुरतो.